कागदाचा रकाना

सोमवार, ९ तारीख

प्रिय टिंबे,

अनेक आशीर्वाद. खुशाली मागून, बातमी आधी.

आज सकाळी अकरा वाजता संग्रहालयाच्या कागदवाल्या डॉक्टरीणबाईंनी नक्की सांगितलं. तुझ्या एक्केचाळीस चित्रांपैकी अडतीस जाणार. आज-उद्या नाही, पण जाणार. मी समोर उभी होते. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं. ऐकीव असतं तर लिहिलं नसतं.

प्रदर्शन मांडणारा तो मुंडन केलेला गृहस्थ म्हणत होता, की बहिणीला फोन करा. मी म्हटलं, नको. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. आई म्हणायची ना, थोरलीच्या कागदाला खळ आहे, धाकटीच्या तोंडाला खळ नाही. मी माझ्या हातकागदाला शाई फुटू नये म्हणून सरेस पाजायचे, तिला ती कपड्यांसारखी खळच वाटायची. मरेपर्यंत तिने तो शब्द बदलला नाही.

तर क्रमाने सांगते.

बाईंची खोली तळमजल्याच्याही खाली आहे. खिडकी नाही. पांढरं टेबल, वाकवता येईल असा दिवा, आणि भिंतीला लागून सपाट खणांचं कपाट. तुझी चित्रं पालथी घालून ठेवली होती. इतक्या वर्षांत मी ती पाठीकडून एकत्र कधी पाहिली नव्हती. बाईंनी प्रत्येक कागदाच्या पाठीवर कोपऱ्यात पाण्याचा एक बारीक थेंब ठेवला आणि त्यावर रंगाची पट्टी टेकवली. पट्टी हिरवट राहिली तर ठीक, पिवळी पडली तर आम्ल. मी मोजत बसले होते. अडतीस वेळा पिवळी.

"आतून भाजतोय कागद," त्या म्हणाल्या. मग 'जिना' या चित्राचा कोपरा, जो आधीच सुटत आला होता, त्यांनी दोन बोटांत धरून एकदा मुडपला आणि उलटा मुडपला. तो त्यांच्या बोटांतच राहिला. आवाजसुद्धा झाला नाही.

"धुता येत नाही का?" मी विचारलं. एवढं मला कळतं, की आम्ल पाण्याने निघतं.

"धुवायलाच हवा. शाई कुठली आहे?"

"काजळी आणि डिंक. ती घरीच करायची."

"लाख घातली होती? लाखेने शाई पाण्यात सुटत नाही."

"नाही. निब अडते म्हणायची."

त्यांनी ओला कापूस एका ठिपक्याच्या कडेला टेकवला. कापूस काळा झाला. त्यांनी तो मला दाखवला. "म्हणजे कागदाला पाणी हवं आणि शाईला पाणी सोसत नाही," म्हणाल्या.

"जुना संसार आहे," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत. माझंही हसू मग तोंडातच राहिलं.

एक कोरडा फवारा असतो म्हणे. त्याने पुढचं भाजणं थोडं मंदावतं, पण जे भाजून गेलं ते परत येत नाही. किती वर्षं, असं विचारलं. अंधारात, सपाट, हात न लावता ठेवली तर वीस म्हणा. भिंतीवर, दिव्याखाली, पाच. त्यांचा सूर अगदी साधा होता. खोटा धीर देणाऱ्यांतल्या त्या नाहीत, आणि मला ते बरं वाटलं.

उरलेली तीन कोणती, ते तू विचारशीलच. ती फुटकी तीन. शाई फुटून रेषा पसरल्या होत्या ती. फाडून टाक असं तू मला बजावलं होतंस आणि मी ती माझ्या खणात घालून ठेवली. मुंडनवाल्याने खण उघडला तेव्हा मी त्याला अडवलं नाही. घाल शिव्या. या तिन्हींच्या पाठीवर पट्टी हिरवी राहिली. बाईंनी कागद उजेडासमोर धरला, साच्याच्या जाळीचे ठसे पाहिले आणि विचारलं, "हे तीन दुसऱ्या कोणाच्या हातचे आहेत का?"

मी म्हटलं, आठवत नाही, फार वर्षं झाली.

असो. प्रदर्शन व्हायचंय ते होणार आहे. दिवे मंद ठेवतील, वीस दिवसांत उतरवतील. प्रत्येक चित्राखाली एक कार्ड लागणार आहे आणि कार्डावर दोन रकाने, प्रेरणा आणि साहित्य, आणि साहित्यात शेवटी कागदाचा वेगळा रकाना. पुढच्या शुक्रवारी ती छापायला जातात. गेल्या महिन्यात तू फोनवर जे सांगितलंस ते मी उतरवून काढलंय. काही इथे देते, चुकलं असेल तर कळव.

'जिना'. प्रेरणा: बाबा कामावरून येताना पायऱ्या मोजायचे, मोठ्याने. पायऱ्या सतरा होत्या. पंधराव्या पायरीपर्यंतच्या आवाजावरून आज त्यांचा दिवस कसा गेला ते कळायचं, आणि उरलेल्या दोन पायऱ्यांत आम्ही पुस्तकं उघडून बसायचो. म्हणून चित्रात पंधरा पायऱ्या जाड रेषेत आहेत आणि दोन बारीक. साहित्य: काजळी-डिंकाची शाई, दोन निबा. कागद:

'शिंप्याची खिडकी'. प्रेरणा: माझ्या कारखान्यासमोरचा शिंपी. बोलताना तोंडात टाचण्या धरायचा, त्यामुळे त्याच्याशी भांडणं कुणालाच जमायचं नाही. "कपडा आखूड झाला" म्हटलं की नुसता "हं" करायचा. तू त्याचं तोंड काढलंच नाहीस, टाचण्या तेवढ्या काढल्यास. एकशे चार ठिपके. साहित्य: तीच शाई, बारीक निब, मोडक्या कंगव्याचा दात. (कंगव्याचा दात लिहू का? मुंडनवाल्याला फार आवडलं.) कागद:

'चादरी'. प्रेरणा: आईला ठेवलं होतं त्या दवाखान्याची गच्ची. वाळत घातलेल्या चादरींत एकीचा डाग काही केल्या जात नव्हता, आणि धुणारी बाई तीच चादर रोज पुढच्या दोरीवर घालायची, कारण तिच्या मते सूर्य कधी ना कधी लाजेल. साहित्य: शाई, पाण्याने पातळ केलेली, जुन्या बनियनचा बोळा. कागद:

'हौद'. हे मला सांगताना तू जरा अडखळलीस. प्रेरणा: मी साचा बुडवून बाहेर काढते तेव्हा वरचा लगदा स्थिर व्हायच्या आधी एक क्षण हलतो, तो. तू तीन चतुर्थांश कागद कोराच ठेवलास. म्हणालीस, "तिथे आधीच काढलेलं होतं, मी काय काढू?" साहित्य: शाई, अगदी थोडी. कागद:

कागदाचा रकाना मी सगळीकडे मोकळा ठेवलाय. सगळ्यांचा एकदम भरते.

भाची म्हणाली, तू आता चमचा डाव्या हातात धरतेस आणि उजव्याला रागावतेस. रागावू नकोस त्याला. त्याने चाळीस वर्षं कधी रजा घेतली नाही. रबरी चेंडू दाबायचा व्यायाम चुकवतेस हेही तिने सांगितलंय. चहाडी नाही, काळजी म्हण.

माझे गुडघे आहेत तसेच. कारखान्याचं शटर महिन्यातून एकदा उघडते, हवा लागावी म्हणून.

मनाला फार लावून घेऊ नकोस, असं लिहिणार होते. ते वाक्य इथेच सोडते.

तुझी,
ताई


शनिवार, १४ तारीख

टिंबे,

आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी धाप टाकत होते, ती जिना चढून आल्यामुळे नव्हे. पत्र मिळालं असणार हे मला रिंग वाजल्याबरोबर कळलं.

तू रडशील असं धरून मी खुर्ची ओढून बसले होते. तू हसलीस. "फुटकी तीन राहणार? म्हणजे माझ्यामागे माझी फजिती तेवढी उरणार!" मग खोकलीस, मग भाचीला "पाणी नको, गप्प बस" म्हणालीस, आणि मग तो दुसरा सूर आला. तो मला लहानपणापासून माहीत आहे. माझी बाहुली तू तोडलीस आणि मीच तुझी समजूत घातली, तेव्हापासूनचा. फक्त या वेळी समजूत तू घालत होतीस.

"ताई, तू स्वतःला खाऊ नकोस. तिथलं पाणी वाईट असेल. हवा असेल. आणि लाख घालायला मला काय झालं होतं? निब अडते म्हणे! घे, अडली आता. दोष माझा आहे."

मी म्हटलं, "तसं नाही."

"तसंच आहे. आणि हे बघ, ती कार्डं. माझे ते जिने-बिने काढून टाक. प्रेरणेच्या रकान्यात सगळीकडे एकच लिही, ताईचा कागद. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. जातातच आहेत, तर खरं तरी लिहून जाऊ देत."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

काल सकाळी टेबलाशी बसले आणि लिहायला घेतलं. प्रेरणा: ताईचा कागद. एक झालं, दोन झाली, चार झाली. पाचव्याला 'ताईचा' एवढंच उमटलं आणि पुढे हात जाईना. तुझा हात जात नाही तो आजाराने. माझ्या हाताला काही झालेलं नाही. म्हणून आता हे लिहिते. हे वाचताना भाची खोलीत असली तर तिला बाहेर पाठव, किंवा राहू दे, तुझी मर्जी.

पाणी वाईट नव्हतं. हवाही नव्हती. तुझी लाख तर नव्हतीच, कारण शाई निर्दोष असती तरी कागद भाजणारच होता. फार तर धुता आला असता.

सुरुवातीची वर्षं आठव. तुझी शाई माझ्या कागदावर फुटायची. तू ओला कागद दोन्ही हातांत धरून कारखान्याच्या दारात उभी राहायचीस. "ताई, या बाईला मी पापण्या काढल्या होत्या. बघ, झुडपं उगवलीत!" शिंपीसुद्धा टाचण्या काढून हसला होता त्या दिवशी. मी काय करायचं ते मला एकच माहीत होतं. सरेसात तुरटी घालतात, सरेस नासू नये आणि कागद घट्ट व्हावा म्हणून. मी ती वाढवली. कणाची चिमूट झाली, चिमटीची मूठ झाली. शाई बसायला लागली. रेषा जिथे ठेवशील तिथे राहायला लागली. तू एक कोरा कागद गालाला लावून बसली होतीस, ते मला आत्ता दिसतंय. तोवरचं सगळं अडाणीपण होतं. त्याबद्दल मी माफी मागत नाही, मागायची गरजही नाही.

सहाव्या वर्षी एक म्हातारे कागदी, म्हणजे कागद करणारे, माझा कारखाना बघायला आले. तीन पिढ्या कागदच केलेलं घराणं. तू त्यांना भेटली नाहीस, मीच तुला कधी सांगितलं नाही. त्यांनी साचे पाहिले, लगदा बोटांत चोळला, वाळवणावरचा एक ताव उचलला आणि जिभेचं टोक त्याला टेकवलं. मला वाटलं, म्हाताऱ्याचं काही खरं नाही. त्यांनी तोंड वाकडं केलं.

"पोरी, हा तुरट आहे."

"तुरटी घालते ना," मी म्हटलं.

"घालतेस किती? चव लागते म्हणजे फार झाली. हा कागद तुझ्याआधी मरेल." मग जाताना दारात थांबून म्हणाले, "जीभ लावून बघत जा. डोळ्याला कागद फसवतो."

त्यानंतर मी रोज जीभ लावून बघायला लागले. पुढच्या वेळेपासून तुरटी बंद केली, लगद्यात आम्ल मारायला खडूची पूड घालायला लागले. सगळ्यांसाठीच. तुझ्यासाठीही. तुला सांगितलं नाही, कारण मला वाटलं, तुला फरक कळणार नाही.

तू त्या कागदावर तीन चित्रं काढलीस. तीच ती. त्या शनिवारी तू आलीस, गुंडाळी माझ्या टेबलावर आपटलीस आणि म्हणालीस, "हा काय टिपकागद आहे? शाई टिपायला देतेस की चित्र काढायला?" मी सांगायला तोंड उघडलं, तर तू म्हणालीस, "काही सांगू नकोस, तुझं लक्ष नाही हल्ली." आणि गेलीस.

चार महिने आली नाहीस. आईकडून कळलं, की तू गिरणीचा कागद घेतेस. तिने ते स्वयंपाक करता करता सांगितलं, माझ्याकडे न बघता.

टिंबे, त्याआधी तू दर शनिवारी यायचीस. पालथ्या बादलीवर बसायचीस, माझ्या डब्यातलं खायचीस, त्याला नावं ठेवायचीस आणि पुन्हा खायचीस. नवीन तावांच्या गठ्ठ्यावरून तळहात फिरवायचीस. आठवड्यात माझ्याशी कुणी बोलायचं ते तेवढंच. तू गेलीस तेव्हा तिथे हौदातलं पाणी आणि मी, एवढेच उरलो. चिंध्या देणारा यायचा, पोतं टाकून जायचा. मी त्याला बसा म्हणायला लागले होते. तो बिचारा घाबरून येईनासाच झाला.

पाचव्या महिन्यात मी निरोप धाडला, की कागद पहिल्यासारखा केलाय. तू दुसऱ्याच दिवशी सकाळी हजर. बादली पालथी घातलीस. ताव गालाला लावलास. "हा! हा माझा कागद," म्हणालीस.

मी त्यात मूठभर तुरटी घातली होती. जीभ लावून पाहिली होती. तुरट होता.

त्यानंतर एकोणीस वर्षं मी दोन हौद चालवले; संग्रहालयातली अडतीसही चित्रं त्याच वर्षांतली. मोठ्या हौदात लोकांचा कागद, खडूचा. त्याला अजून शंभर वर्षं काही होत नाही. कुणाच्या लग्नपत्रिका, कुणाच्या वह्या, कुणा वकिलाची पत्रं. कोपऱ्यातल्या लहान हौदात तुझा. तू विचारलंस, हा वेगळा का? मी म्हटलं, तुझे लाड. परक्यांना टिकाऊ दिला आणि बहिणीला तुरट.

सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. आपण दोघी मिळून काही केलं असतं, तुरटी कमी, सरेस जास्त, तू लाख घालून पाहिली असतीस, चिडली असतीस, शिकली असतीस. तुला शिकायला कधीच वेळ लागला नाही. मी पुढच्या शनिवारी सांगू म्हटलं. मग पुढच्या. मग संग्रहालयाने चित्रं घेतली. मग त्या कागदाचा रंग लोकांना दिसायला लागला, मधासारखा म्हणायचे, आणि तू मुलाखतीत सांगितलंस, "ताईच्या कागदात आतून उजेड आहे." मी ते वर्तमानपत्र हातात धरून उभी होते. मला माहीत होतं तो उजेड कशाचा आहे. मी तो कागद केला तेव्हा पांढरा होता.

इथवर लिहून मी थांबले असते तर तू मला माफ केलं असतंस. एकटी होती बिचारी, म्हणाली असतीस. म्हणून उरलेलंही लिहिते.

तुझ्या दुसऱ्या प्रदर्शनात मी मागे, दाराशी उभी होते. 'हौद'समोर दहा-बारा माणसं होती. कुणीतरी म्हणालं, काय हात आहे! कागदावर सही चित्रकाराची असते, कागद करणारीची नसते, हे मला तोवर कधी टोचलं नव्हतं. त्या दिवशी टोचलं. आणि मनात आलं, बघून घ्या, हे राहणार नाही. ते मनात आल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. मला शांत वाटलं. घरी गेले, जेवले, झोपले. छान झोप लागली.

आणि तुझा हात गेल्याचं भाचीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी आधी काय म्हटलं ते ती सांगेल, "अरे देवा." पण त्याच्याही आधी, एका श्वासाएवढं, मला वाटलं होतं, की सुटले. आता तिच्यासाठी कागद करायला नको.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं नाहीच ते. पण तू एक्केचाळीस कार्डांवर माझा कागद प्रेरणा म्हणून लिहायला सांगितलंस, आणि ते छापून भिंतीवर लागलं असतं तर मी ते जाऊन वाचलंही असतं, चष्मा लावून. म्हणून.

तू आता दुसरी काढू शकत नाहीस आणि मी दुसरा कागद देऊ शकत नाही. दुरुस्त करायला काही शिल्लक नाही, हे मला कळतं. तुझं दुःख हलकं व्हावं म्हणून मी हे लिहिलेलं नाही. ते वाढणारच आहे. कालपर्यंत तुझी चित्रं नशिबाने जात होती. आता बहिणीने घालवली.

कार्डांचं काय केलं ते सांगते. प्रेरणेच्या रकान्यात लिहिलेली ती चार वाक्यं खोडली आणि तुझी तू सांगितलेलीच परत घातली. बाबांच्या पायऱ्या, टाचण्या, ती न जाणारा डाग असलेली चादर. ती तुझी आहेत, ती कुणी भाजलेली नाहीत. कागदाचा रकाना सगळीकडे भरला. अडतीस कार्डांवर असं आहे: हातकागद, सुती चिंध्यांचा, सरेस, तुरटी प्रमाणाबाहेर, परिणाम माहीत असताना. तीन कार्डांवर: हातकागद, सुती चिंध्यांचा, सरेस, खडू. कागद करणारी सगळीकडे एकच.

डॉक्टरीणबाईंना आज सकाळी जाऊन सांगितलं. आठवत नाही म्हटलं होतं ते खोटं होतं, असं आधी सांगितलं आणि मग बाकीचं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांना राग आला की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही. त्यांनी फक्त तुरटीचं प्रमाण विचारलं आणि लिहून घेतलं. मग म्हणाल्या, वीस वर्षं म्हटलं होतं ती बहुतेक पंधरा धरावी लागतील. मुंडनवाला मात्र घाबरला. असलं कार्डावर लिहीत नसतात म्हणाला. बाई त्याला म्हणाल्या, साहित्याचा रकाना आहे, साहित्यच लिहिलंय. पण मग त्याही म्हणाल्या, की शेवटच्या तीन शब्दांचा निर्णय तुमचाही नाही आणि आमचाही नाही, तो चित्रकाराचा.

तर पुढे असं होणार आहे. हे पत्र तुला बुधवारपर्यंत मिळेल. गुरुवारी सकाळी दहा वाजता बाई तुला फोन करतील. दोन गोष्टी विचारतील. वीस दिवसांनी अडतीस चित्रं पेटीत बंद करून फक्त ती तीन वरच्या दालनात कायमची लावायला तुझी हरकत आहे का. आणि 'परिणाम माहीत असताना' हे तीन शब्द ठेवायचे की काढायचे. शुक्रवारी दुपारी छापायला जाईल, म्हणून त्यांना उत्तर त्याच फोनवर हवंय. तुला कुणी विचार करायला वेळ देणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

ठेव म्हणालीस तर मंगळवारी उद्घाटनाला येणारा प्रत्येक माणूस ते वाचेल. काढ म्हणालीस तर ते फक्त तुला, मला, बाईंना आणि मुंडनवाल्याला माहीत राहील. दोन्हींपैकी मला काय हवंय ते मी लिहीत नाही. माझं ऐकून तू आजवर एकदाच कागद बदललास, तेवढं पुरे.

मी उद्घाटनाला जाणार आहे. मागे दाराशी नाही, आत, चित्रांजवळ उभी राहीन. कुणी विचारलं तर सांगीन.

कळावे. याच्यापुढे दोन शब्द मागायची रीत आहे. ते मागायला मला तोंड नाही.

तुझी थोरली